मागून बसलेली एमजीबी : पाटे वळवावे, वाढवावे की नवे मागवावे?

जुनी एमजीबी, ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, मागून बसली, म्हणजे पाट्यांवर (लीफ स्प्रिंग) तोललेली तिची मागची बाजू खाली आली, की सोलापुरात दोन सल्ले हमखास मिळतात. गॅरेजमधला मिस्त्री म्हणतो, "मालक, एक पाटा वाढवू, गाडी वर येतीय बघा." जुन्या गाड्यांचा शौकीन मित्र म्हणतो, "इथं काही करू नकोस, सरळ इंग्लंडहून नवा सेट मागव." पहिला सल्ला स्वस्त, दुसरा महाग. दोन्ही गाडी मोजण्याआधीच दिलेले असतात. कुठला मार्ग तुमच्या गाडीला लागू पडतो हे ठरवायचं असेल, तर पाट्यांबद्दलची एक गोष्ट आधी पक्की समजून घ्यावी लागते. पुढची सगळी तुलना तिच्यावरच उभी आहे.

पाटा बसतो तेव्हा त्याची कमान, म्हणजे धनुष्यासारखा बाक, कमी होते. त्याचा कडकपणा होता तेवढाच राहतो. कडकपणा ठरतो पोलादाच्या स्थितिस्थापकतेवर, पाट्यांच्या संख्येवर, रुंदीवर, जाडीवर आणि लांबीवर. पन्नास वर्षं ओझं वाहिल्यानं यातलं काहीही बदलत नाही. पाटा मोडला किंवा गंजून पातळ झाला तरच बदलतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाटे मऊ पडतात असंही काही जण सांगतात. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो हे खरं, पण पाट्यांच्या पोलादाला कारखान्यात ४०० अंशांच्या वरचं टेम्परिंग (विझवून कठीण केल्यावर पुन्हा तापवून चिवट करणं) दिलेलं असतं. आपल्या उन्हाचा त्याला पत्ताही लागत नाही. उन्हानं खराब होतं ते रबर, आणि त्याबद्दल पुढे येईलच.

म्हणजे बसलेल्या गाडीला हवी असते गेलेली कमान. कडकपणा वाढवून उंची मिळवायची हा दुसराच इलाज झाला, आणि त्याची किंमत गाडीच्या चालीत मोजावी लागते.

मी इथे एमजीबी धरून चाललोय, कारण १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनमध्ये बनलेल्या या गाडीला मागे सरळ अखंड ॲक्सल आणि पाटे आहेत. पाट्यांचं काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आलंय. पुणे-हैदराबाद आणि विजापूरकडे जाणारे महामार्ग शहराला लागूनच असल्यानं ट्रकचे पाटे वळवणारे कारागीर सोलापुरात सहज सापडतात. त्यामुळे इथल्या मालकासमोर खराखुरा पर्याय असतो. मुंबई-पुण्यातल्या पुष्कळ मालकांना तो शोधत फिरावं लागतं.

मोजायचं कसं

मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली म्हणजे जमिनीपासून मडगार्डच्या कमानीपर्यंत टेप लावणे. ही सोपी, पण तिच्यात टायरची हवा, टायरची झीज, टायरचा साइझ असं सगळं मिसळतं. मूळ मापाऐवजी जाड टायर बसवलेला असेल, तर पाटे बसलेले असूनही गाडी उंच दिसते. दुसरी पद्धत, चाकाच्या मध्यापासून म्हणजे हबच्या केंद्रापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजणे. यात टायर गणतीतून बाहेर पडतो आणि ॲक्सल व बॉडी यांच्यातलं अंतर, म्हणजे पाट्यांनी खरोखर धरलेली उंची तेवढी उरते. पाट्यांचा निर्णय करायचा तर दुसरीच पद्धत वापरा. जमिनीचं माप वेगळं लिहून ठेवा. ते गतिरोधकांच्या हिशोबाला लागेल.

जागा सपाट हवी. पेट्रोल पंपाचं अंगण पाणी वाहून जावं म्हणून उतरतं केलेलं असतं, ते उपयोगाचं नाही. घरच्या पोर्चमधली शहाबादी फरशी डोळ्याला सपाट दिसते, पण चार चाकांच्या चार जागांत तिचा फरक सहज १० मिलिमीटर निघतो. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी आणा, चारही जागांची पातळी काढा आणि जिथे खोल असेल तिथे प्लायवूडचे तुकडे घाला. मार्केट यार्डाकडच्या एखाद्या वजनकाट्याचा सपाट प्लॅटफॉर्म दुपारच्या रिकाम्या वेळी मिळाला, तर त्याहून उत्तम. तिथे फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन मागच्या ॲक्सलचं वजनही कळतं.

गाडीत काय असावं हेही आधी ठरवा आणि दर वेळी तेच ठेवा. एमजीबीची टाकी मॉडेलप्रमाणे ४५ ते ५४ लिटरची आणि ती अगदी मागे, डिकीखाली आहे. भरलेल्या आणि रिकाम्या टाकीत ३५ ते ४० किलोंचा फरक पडतो. या गाडीच्या मागच्या पाट्याचा कडकपणा दर इंचाला १०० पौंडांच्या आसपास धरला, तर नुसत्या पेट्रोलनं मागची उंची १० मिलिमीटरच्या घरात खालीवर होते. टाकी निम्मी, डिकी रिकामी, जादा चाक जागेवर, टायरमध्ये हवा थंड असताना भरलेली, हे माझ्या मते योग्य.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. पाट्यांमध्ये एकमेकांवर घासण्याचं घर्षण असतं, त्यामुळे गाडी ज्या बाजूनं थांबेल तिथेच अडकते. मागचा बंपर हातानं हळू दाबा, सोडा, गाडी थांबली की माप घ्या. मग हळू उचला, सोडा, पुन्हा माप घ्या. दोन्हींची सरासरी हीच खरी उंची. ही सरासरी घेतली नाही तर दुरुस्तीआधीचं आणि नंतरचं माप एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ राहत नाही.

दोष पाट्यांचाच आहे का

डावी-उजवी बाजू सारखीच खाली आली असेल तर पाट्यांवर संशय घेणं रास्त. एकच बाजू खाली असेल तर थांबा. पुढची एक स्प्रिंग कमजोर असली की त्याचा परिणाम तिरका, मागच्या, विरुद्ध बाजूच्या कोपऱ्यात दिसू शकतो. याची परीक्षा सोपी आहे. मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावा, पुढच्या क्रॉसमेंबरच्या (पुढच्या चाकांमधल्या आडव्या तुळईच्या) बरोब्बर मध्यावर जॅक घेऊन पुढची चाकं जेमतेम जमिनीवरून सुटतील एवढीच उचला. आता गाडी तीन बिंदूंवर उभी आहे आणि डाव्या-उजव्या कलाला फक्त मागचे पाटे जबाबदार आहेत. कल तसाच राहिला तर दोष मागे. कल नाहीसा झाला तर मागचे पाटे निर्दोष, पुढचं काम करा. जॅकवर असताना गाडीखाली डोकं घालायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

दोष मागे निघाला तरी आणखी एक पायरी आहे. एमजीबीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. पाट्यांचं पुढचं टोक सीटमागच्या भागात, दोन्ही बाजूंच्या सिलच्या (दाराखालच्या पट्टीच्या) मागच्या टोकाजवळ बॉडीलाच बांधलेलं असतं. तिथला पत्रा गंजला की टोक वर सरकतं आणि गाडी पाटे बसल्यासारखी दिसते. सोलापूरच्या कोरड्या हवेत गंज सावकाश चढतो, पण यातल्या कित्येक गाड्या आयुष्याची आधीची वर्षं समुद्रकाठी काढून आलेल्या असतात. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं त्या जागा टोचून बघा. शंका राहिलीच तर डावा-उजवा सेट अदलाबदल करून बसवा. दोन्ही बाजूंचे सेट एकाच मापाचे असतात. कल बाजू बदलून गेला तर पाटा दोषी, जिथल्या तिथे राहिला तर बॉडी. बॉडी दोषी असेल तर हा लेख बाजूला ठेवून पत्र्याचं काम करणाऱ्याकडे जा.

राहता राहिलं रबर. पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला (टोकाच्या गोल भोकातला) बुश, मागच्या शॅकलचे (मागचं टोक बॉडीला जोडणाऱ्या पट्ट्यांचे) बुश आणि ॲक्सल व पाट्यांच्या मधल्या रबरी गाद्या. उन्हानं चिरलेले, तेलानं फुगलेले बुश उंचीत काही मिलिमीटर खातात आणि खडखडाट वेगळा देतात. गाडी १० मिलिमीटरच्या आत बसली असेल तर आधी एवढंच बदला आणि पुन्हा मोजा. हा सगळ्यांत स्वस्त पर्याय, आणि पुढचा कोणताही मार्ग घेतला तरी हे रबर बदलावंच लागणार आहे.

किती बसली तर काळजी करावी

उंची हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. एमजीबीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये २,३१२ मिलिमीटर अंतर आहे. मागची बाजू २५ मिलिमीटर खाली गेली की पूर्ण गाडी सुमारे ०.६ अंशानं नाक वर करते. हेडलाइटचा लो बीम साधारण १ टक्का खाली झुकवलेला असतो. या कलानं तो उतार पूर्ण खाल्ला जातो. २५ मीटरवर प्रकाश २७ सेंटिमीटर वर चढतो आणि रात्री मोहोळच्या रस्त्यावर समोरच्या एसटी चालकाच्या डोळ्यांत जातो.

गतिरोधकांचंही असंच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असतो. एमजीबी त्यावर मधोमध आली की चाकांमधल्या जागेत जेमतेम ३९ मिलिमीटर उंची खर्च होते, म्हणजे तिला त्याची भीती नाही. भीती आहे ती गावाच्या वेशीत लोकांनी हौसेनं घातलेल्या आखूड, उभट उंचवट्यांची. तिथे पुढची चाकं उतरून गेलेली असतात, मागची अजून चढलेली नसतात, आणि उंचवट्याची पूर्ण उंची सायलेन्सरच्या नळीखालून जावी लागते. तुमच्या रोजच्या रस्त्यावर असे उंचवटे किती आहेत, त्यावर तुम्हाला मूळ उंची हवी की थोडी जास्त, हे ठरतं. रबरी बंपरची एमजीबी, म्हणजे १९७४ च्या उत्तरार्धानंतरची, कारखान्यातूनच अमेरिकी नियमांसाठी इंच-दीड इंच उंच केलेली आहे. इंग्लंडमधले मालक तिला खाली आणायला पैसे मोजतात. सोलापुरात मी ती आहे तशीच ठेवायला सांगेन.

जुने पाटे वळवून घेणे विरुद्ध नवा सेट

खरी तुलना या दोनांतच आहे.

वळवून घेण्याच्या बाजूनं बोलायचं तर मूळ पोलाद, मूळ माप, मूळ कडकपणा सगळं कायम राहतं. काम शहरात होतं, डोळ्यांसमोर होतं. किती कमान चढवायची याचा हिशोबही सरळ आहे: कडकपणा तोच असल्यानं गाडी जेवढी वर हवी, तेवढीच सुट्या सेटची कमान वाढवायची. सेट काढला की दोन्ही डोळ्यांच्या केंद्रांमधून दोरी ताणा आणि सगळे पाटे मधोमध बांधणाऱ्या सेंटर बोल्टपाशी दोरीपासून मेन, म्हणजे सगळ्यांत लांब, पाट्यापर्यंत माप घ्या. गाडी २० मिलिमीटर उचलायची तर हे माप २० नं वाढलं पाहिजे, आणि थोडं बसेल म्हणून त्यात ४-५ मिलिमीटर जास्त धरा. फरशीवर खडूनं दोन्ही आकार काढून मिस्त्रीच्या हाती द्या. "जरा उचलून द्या" असं तोंडी सांगितलं तर ते ट्रकच्या अंदाजानं उचलतील.

आता अडचण. बहुतेक ठिकाणी पाटा थंडच ठोकतात. ऐरणीवर ठेवून घणानं किंवा प्रेसखाली दाबून कमान चढते, त्याच दिवशी गाडी मिळते, उंचीही छान दिसते. पण पोलादाच्या आत वेगळंच होतं. कारखान्यात तयार पाटा मुद्दाम ओझ्याच्या दिशेनं जास्त दाबून बसवलेला असतो, त्यामुळे ज्या पृष्ठभागावर पुढे ताण येणार, तिथे आधीच उलटा दाब साठून राहतो आणि तो पाट्याला जपतो. थंड ठोकून कमान चढवताना आपण नेमक्या विरुद्ध दिशेनं वाकवतो. जपणारा दाब जातो, त्याच्या जागी ताण येऊन बसतो. म्हणून थंड वळवलेला पाटा लवकर पुन्हा बसतो आणि मोडण्याचीही शक्यता वाढते. महिन्यातून एकदा हुतात्मा बागेपर्यंत फेरी मारणाऱ्या गाडीला हे चालून जाईल. तुळजापूरचा घाट चढणाऱ्या गाडीला मी ते देणार नाही.

बरोबर पद्धत गरम कामाची. पाटे सुटे करायचे, एकेक पाटा भट्टीत ९०० अंशांच्या आसपास तापवायचा, साच्यावर वळवायचा, तेलात विझवायचा आणि मग ४५० ते ५०० अंशांवर टेम्पर करायचा. शेवटची पायरी गाळली तर पाटा काचेसारखा मोडतो. काम झाल्यावर पोलादाचा कठीणपणा (हार्डनेस) मोजून घ्या. ब्रिनेल या कठीणपणाच्या मापात तो साधारण ४०० ते ४५० मिळायला हवा. उघड्या कोळशाच्या भट्टीत जास्त वेळ ठेवलं तर पृष्ठभागातला कार्बन जळतो आणि तिथूनच पुढे चिरा सुरू होतात. त्यामुळे तापमानावर ताबा असलेली भट्टी हवी. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी या दोन्ही एमआयडीसी असलेल्या, मोटारींचे कॅमशाफ्ट बनवणाऱ्या या शहरात उष्णता-प्रक्रिया म्हणजे काय हे जाणणारी माणसं आहेत. चौकशी तिकडेही करा, फक्त ट्रक-अड्ड्यावर थांबू नका. गॅसच्या टॉर्चनं मधेच एखादी जागा लाल करून वाकवणारा भेटला तर पाटे उचला आणि निघा.

मिस्त्री निवडताना दोन प्रश्न विचारा. पहिला, प्रत्येक पाट्याची कमान वेगळी ठेवणार का? सेटमधला लहान पाटा वरच्या पाट्यापेक्षा किंचित जास्त वाकडा असतो, म्हणून बोल्ट आवळल्यावर तो मेन पाट्याला आधार देत दाबून बसतो. सगळे एकाच साच्यावर वळवले तर मेन पाट्यावर भार वाढतो आणि डोळ्याजवळ मोडतो. दुसरा प्रश्न, याआधी जीप किंवा टेम्पोचे पाटे केलेत का? एमजीबीचा पाटा पावणेदोन इंच रुंद आणि पाव इंचाहून कमी जाड आहे. ट्रकच्या जाडजूड पाट्यावर बसलेला हात या पातळ पट्टीवर जड पडतो.

नव्या सेटकडे येऊ. एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे ब्रिटनमध्ये तिचे पाटे आजही नवे तयार होतात. कमान, विझवणं, टेम्परिंग, गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग बळकट करणं, हे कारखान्यात एका हिशोबानं होतं. काम एका दिवसात पुरं होतं आणि पुढे बरीच वर्षं बघावं लागत नाही. अडचण पैशाची. पाटे वजनदार असतात. मूळ किमतीवर वाहतूक आणि कस्टम ड्यूटी चढली की आकडा भलताच होतो. मागवण्याआधी सगळ्या खर्चासकट भाव लेखी घ्या.

दुसरी अडचण निवडीची आहे. उघडी रोडस्टर आणि छताची जीटी यांचे पाटे वेगळे, कारण जीटी मागून जड. क्रोम बंपर आणि रबरी बंपर यांचेही वेगळे. चुकीचा सेट आला तर जुन्या बसलेल्या पाट्यांपेक्षाही वाईट गाडी मिळते, आणि परत पाठवण्याचा खर्च परवडत नाही. ऑर्डरमध्ये नुसतं "एमजीबी मागचे पाटे" असं लिहू नका. बॉडीचा प्रकार, वर्ष, बंपर आणि चासी नंबर द्या. सेट आल्यावर गाडीला लावण्याआधी वर सांगितलेल्या दोरीनं दोन्हींची कमान मोजा. दोघांत ५ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर लगेच कळवा. नव्या पाट्यांवर गाडी सुरुवातीला जरा उंच बसते, काही शे किलोमीटरमध्ये जागेवर येते. पहिल्याच दिवशी बघून घाबरून जाऊ नका.

माझं मत असं: पाटे शाबूत असतील, दोन्ही बाजू सारख्या बसल्या असतील, फरक २५ मिलिमीटरच्या आत असेल आणि गरम काम करणारा खात्रीचा माणूस मिळत असेल, तर वळवून घ्या. एखादा पाटा चिरलेला असेल, गंजानं टोकं झिजली असतील, पाटे आधी कधी तरी ठोकून झालेले असतील किंवा गाडी महामार्गावर नियमित धावणार असेल, तर नवा सेट. खात्रीचा माणूस मिळत नसेल तरीही नवाच. थंड ठोकणं या दोन्हींच्या पंक्तीत मी बसवत नाही.

पाटा वाढवणे, शॅकल, ब्लॉक

पाटा वाढवण्याचा सल्ला ट्रकसाठी बरोबर आहे, कारण ट्रकला जास्त ओझं वाहायचं असतं. एमजीबीला तेच जुनं ओझं वाहायचं आहे. जाडीच्या बाबतीत तर गणित आणखी कठोर आहे: पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरची पट्टी घातली की त्या एका पाट्याचा कडकपणा जवळजवळ ५९ टक्के वाढतो. मागची बाजू कडक आणि पुढची तशीच, असं झालं की वळणावर गाडीचं शेपूट आधी सुटायला लागतं. पहिल्या पावसात, रस्त्यावर तेल तरंगत असताना, हे जाणवतं. डिकीत कायम सामान घेऊन दूरचे प्रवास करणाऱ्यालाच हा मार्ग, तोही पातळ पाटा घालून.

लांब शॅकल सगळ्यांत स्वस्त. मागच्या टोकाला बसवलेली पट्टी जितकी लांब कराल, त्याच्या साधारण निम्मीच उंची मिळते, कारण ॲक्सल पाट्याच्या मधल्या भागात आहे. एक इंच उचलायचं तर दोन इंच लांब शॅकल. त्यानं पाट्याचं मागचं टोक खाली जातं, ॲक्सल फिरतो, डिफरन्शियलचं नाक वर होतं आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन बिघडून थरथर सुरू होते. शिवाय वळणात बॉडी झुकली की मागचा ॲक्सलच किंचित भलत्या दिशेला वळतो. लांब पट्टी आडवी डुलते ते वेगळंच. नको.

ब्लॉकबद्दल, म्हणजे ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये घालायच्या ठोकळ्याबद्दल, मात्र सावध राहा, कारण इथे ट्रकचा अनुभव उलटा पडतो. ट्रकमध्ये पाटे सहसा ॲक्सलच्या वर असतात, म्हणून मधे ब्लॉक घातला की गाडी वर जाते. एमजीबीत पाटे ॲक्सलच्या खाली आहेत. इथे तोच ब्लॉक गाडी खाली आणतो. बसलेली गाडी उचलायला तो निरुपयोगी. रबरी बंपरची गाडी मुद्दाम खाली आणायची असेल तरच त्याचा उपयोग, आणि ती हौस आपल्या रस्त्यांवर परवडणारी नाही.

मागचे शॉकअप या गाडीला लीव्हर पद्धतीचे आहेत. ते उंची धरत नाहीत, फक्त उसळी आवरतात. ते बदलून गाडी वर येईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवण्याचे तयार सेटही मिळतात. उंची स्क्रूनं फिरवून ठरवता येते, ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्याला ते सोयीचं. पण आपल्याकडे कागदपत्रांचा विचार करावा लागतो. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांच्या पाटीची विंटेज नोंदणी मिळते, आणि त्यासाठी चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. एमजीबीत सांगाडा म्हणजेच बॉडी. तिथे नवे ब्रॅकेट वेल्ड केले की उद्या आरटीओत उत्तर द्यावं लागेल. आज ना उद्या त्या नोंदणीकडे जायचं असेल तर पाट्यांवरच राहा.

दुसरी गाडी असेल तर

स्टँडर्ड हेराल्ड किंवा तिच्याच घराण्यातली ट्रायम्फ स्पिटफायर असेल, तर मागे एकच आडवा पाटा डिफरन्शियलवर बसतो. त्याची कमान गेली की उंचीबरोबर मागच्या चाकांचा कलही बदलतो, चाकं वरून आत झुकलेली दिसतात. वळवण्याचं काम तिथेही होतं, पण उंचीबरोबर कल मोजणं सक्तीचं. जुन्या पोर्शे ९११ ला, १९८९ पर्यंत, मागे पाटेही नाहीत आणि कॉइलही नाही. पिळ्याचे दांडे (टॉर्शन बार) आहेत. दांड्याच्या आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४ दाते असतात. दोन्ही टोकं एकेक दाता उलट दिशांनी फिरवली की ५० मिनिटांचा, म्हणजे एक अंशाहून थोडा कमी, फरक साधता येतो. ते काम ट्रकच्या मिस्त्रीचं नव्हे.

बसवताना आणि बसवल्यावर

पाटे कुठलेही असोत, बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पक्के आवळू नका. चाकं लटकत असताना आवळले की गाडी खाली येताना रबर पिळलं जातं, उंची खोटी जास्त दिसते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. बोल्ट हातानं लावा, गाडी चाकांवर उतरवा, मागून दोन-चार वेळा दाबा आणि मग गाडीचं पूर्ण वजन चाकांवर असतानाच आवळा. त्यासाठी खड्डा किंवा रॅम्प असलेलं गॅरेज निवडा. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट आणि त्यांचे नट नवेच घ्या.

ॲक्सल फार खाली लटकू नये म्हणून एमजीबीत दोन्ही बाजूंना रबरी पट्टे असतात. गाडी वर आली की पट्ट्यांचा ढिलेपणा कमी होतो. उभ्या गाडीत ते ताठ दिसले तर उंची मूळ मापापेक्षा जास्त झालीय असं समजा, कारण मग प्रत्येक खड्ड्यात ॲक्सलला पट्ट्याचा हिसका बसतो. वरचे बंप रबर आणि ॲक्सल यांच्यातली जागाही दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, तेही बघा.

शे-दोनशे किलोमीटर फिरवा. अक्कलकोटला जाऊन यायला ऐंशीच्या आसपास होतात. दोन फेऱ्यांत काम होईल. मग यू-बोल्ट पुन्हा आवळा, त्याच सपाट जागेवर, तेवढंच पेट्रोल ठेवून, दाबून-उचलून हबपासूनची उंची परत मोजा आणि पहिल्या मापाशेजारी लिहा. त्यानंतर हेडलाइटचा झोत भिंतीवर लावून घ्या. मागची बाजू वर आली म्हणजे झोत खाली गेलेला असणार.